कवडदरा डोंगरावर नाही, खाली आहे

दिनांक : १८ जानेवारी २०२६, रविवार

प्रति,
मा. विशेष पडताळणी अधिकारी,
उंच पर्वतीय क्षेत्र वस्ती पडताळणी कक्ष,
वाशिम.

अर्जदार : मदनसिंग प्रेमसिंग आडे, वय ६१, निवृत्त एस.टी. वाहक,
रा. मौजे कवडदरा, ता. रिसोड, जि. वाशिम.
(आपल्या नोंदीनुसार : रा. कवडदरा माथा, बंगला क्र. ८८ व १९३.)

विषय : माझी आई श्रीमती हिरीबाई प्रेमसिंग आडे, वय ८१, हिला खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी गावाबाहेर नेल्यास गाव ओसाड न धरण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची अतिक्रमण नोटीस, दि. ९ सप्टेंबर २०२५.
२) आपली सुधारित नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
३) आपले पत्र, दि. १ डिसेंबर २०२५.
४) माझे यापूर्वीचे चार अर्ज. त्यांना उत्तर नसल्याने त्यांचा जावक क्रमांक देता येत नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयी नम्रपणे लिहितो की, मी एकतीस वर्षे एस.टी.त वाहक होतो. माणसे मोजणे हा माझा धंदा होता. रस्त्यात कुठेही तपासणी पथक गाडीत चढायचे, आणि गाडीत त्रेपन्न डोकी व माझ्या कागदावर बावन्न निघाली की मला मेमो मिळायचा. एका डोक्याचा मेमो मी दोनदा खाल्ला आहे. आपल्या कागदावर सहाशे अकरा डोकी चुकली आहेत आणि मेमो मलाच आला आहे, याचे मला राहून राहून नवल वाटते. राग आहे असे लिहिणार होतो, पण अर्जात राग लिहीत नाहीत असे सेवेत असताना शिकलो.

२. प्रथम डोंगराविषयी, कारण आपल्या नोटिशीत त्याला 'उंच पर्वतीय क्षेत्र' म्हटले आहे. आमच्याकडे त्याला माथा म्हणतात. केनवडकडून येताना उजव्या हाताला जो दिसतो तोच. म्हातारी शेळी न थांबता चढते, मी दोनदा थांबतो. पायथ्याला पळस आणि हिवराची झाडे आहेत. त्याच्या वर साग, तो आमच्या आजोबांपासून मनगटाएवढाच आहे. मग काळ्या दगडाची बरड लागते, तिथे चप्पल हातात घ्यावी लागते. ती ओलांडली की वर सपाट पठार आहे, दोन डेपो आरामात मावतील एवढे. पोळा झाला की पठारावरचे गवत राखायचे आणि दिवाळीनंतर सर्वांनी एकाच दिवशी विळे घेऊन जायचे, ही आमची जुनी रीत. त्या मुदतीत कुणाचे जनावर वर दिसले तर त्या घरी महिनाभर कुणी चहा घेत नाही. आश्विनात बाया सीताफळे उतरवतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. वर राहायला मात्र आजवर कोणी गेलेले नाही, कारण वर पाण्याचा थेंब नाही.

३. अलीकडे माथ्याचा आणखी एक उपयोग निघाला आहे. गाव दरीत असल्याने खाली मोबाईलला टॉवर येत नाही, ते वरच येते. अंजनाच्या झाडाखाली दोन काड्या येतात आणि काळ्या खडकावर तीन. त्यामुळे राशनचे अंगठे, पोरांचे फॉर्म, पीकपाहणी आणि लेकीबाळींशी बोलणे, सगळे त्या खडकावर चालते. सकाळी नऊ ते अकरा बायांची पाळी असते आणि त्यानंतर गड्यांची. ज्याला कुणाला एकट्याने बोलायचे असेल तो शेळ्या घेऊन जातो. गावात ज्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या अशा दोन पोरांनी मागच्या वर्षी शेळ्या घेतल्या.

४. गेल्या जुलैत आपल्या कक्षाने 'वस्तीदर्पण' नावाचे ॲप काढले. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरासमोर उभे राहून, घर दिसेल असा फोटो काढून, त्याच जागेवरून पाठवावा, असा आदेश होता. मुदत पंधरा दिवस. ॲप खाली उघडत नव्हते. वर उघडत होते, पण वर घर नव्हते. आमचे सरपंच श्री. रामराव यांनी यावर ग्रामसभा घेतली. घर वर नेता येत नाही, पण घराचा फ्लेक्स नेता येतो, असा ठराव एकमताने झाला. रिसोडला फ्लेक्स छापणारे तय्यबभाई मूळ आमच्याच गावचे. त्यांनी एकशे एकोणचाळीस घरांचे एकशे एकोणचाळीस फ्लेक्स मुदतीत होणार नाहीत असे सांगितले, तेव्हा गावातले सर्वांत चांगले घर निवडावे असे ठरले. ते रामरावांचे दुमजली घर होते. इतक्या लहान गावात एवढा एकोपा मी पूर्वी फक्त लग्नाच्या पंगतीला पाहिला होता.

५. बारा फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स दोन बांबूंना बांधून काळ्या खडकावर उभा केला. तीन दिवस रिमझिम पावसात रांग लागली. प्रत्येक कुटुंबप्रमुख रामरावांच्या घरासमोर छाती काढून उभा राहिला आणि त्याचा फोटो गेला. चौदा जणांच्या वेळी वाऱ्याने फ्लेक्सचा वरचा भाग खाली पडला, त्यांची घरे आपल्याकडे एकमजली लागली आहेत. एक तांबडी शेळी एकेचाळीस फोटोंत आली, म्हणून आमच्याकडे पशुधन एकेचाळीस आहे. शासनाची फसवणूक करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. आदेश पाळायचा होता आणि तो आम्ही डोक्यावर वाहून पाळला.

६. याचा परिणाम असा की, ॲपने आमच्या घरांची जागा माथ्यावरची धरली. दि. ९ सप्टेंबरच्या नोटिशीने आम्हास कळविण्यात आले की, राखीव डोंगरावर एकशे एकोणचाळीस पक्की घरे बांधून आम्ही 'अनधिकृत गिरिस्थान' वसविले आहे, सबब ते तीस दिवसांत पाडावे. नोटीस वाचून गावातील कित्येकांना आपण बंगलेवाले आहोत हे प्रथमच कळले. ज्यांचे पत्रे गळतात त्यांचे घरकुल त्याच आठवड्यात नामंजूर झाले, कारण दुमजली घर असणाऱ्यास घरकुल मिळत नाही.

७. आम्ही वाशिमला आपल्या कक्षात आलो. मी स्वतः होतो. तेथे सांगण्यात आले की, नोंद चुकली असल्यास ॲपमधले 'दुरुस्ती' बटण दाबावे. ते बटण खाली दिसत नाही. म्हणून एकशे एकोणचाळीस माणसे पुन्हा माथ्यावर गेली आणि तेथून 'आमचे घर येथे नाही' असे कळविले. ॲपने त्या जागेवर आणखी एक घर धरले. दि. ३ नोव्हेंबरच्या सुधारित नोटिशीत बंगल्यांची संख्या दोनशे अठ्ठ्याहत्तर असून, पहिली नोटीस मिळूनही बांधकाम दुप्पट केल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली आहे. महोदय, नापसंती आम्हासही होती.

८. दि. १२ नोव्हेंबर रोजी आपले तीन सदस्यांचे पथक पाहणीस आले. ते थेट माथ्यावर गेले. तेथे कापलेले गवत, शेळ्या आणि दोन बांबू एवढेच मिळाले. अहवालात लिहिले आहे की, 'रहिवासी पूर्वसूचना मिळाल्याने बांधकामासह फरार झाले.' त्यानंतर पथक खाली उतरले, रामरावांच्या त्याच दुमजली घरात बसले, पिठलं-भाकर आणि ठेचा जेवले. दोघांनी ठेचा दुसऱ्यांदा मागितला. गाव भोवती जमले होते. आम्ही हात जोडून म्हणालो की साहेब, आम्ही इथेच राहतो, हे पहा राहून राहिलो. त्यावर एक सदस्य सौजन्याने म्हणाले की दिसता खरे, पण नोंदीत तुम्ही वर आहात. आणि आमची नोंद 'डोंगरावरून तात्पुरते उतरलेले' अशी घेण्यात आली. रामरावांची आई त्या घरात चौसष्ट वर्षांपूर्वी नवरी होऊन उतरली आहे.

९. आता माझ्या आईविषयी. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, अर्जात आई लिहितो. तिचे घर माझ्या घराला लागून, पण चूल वेगळी आणि राशनकार्ड वेगळे. तिला कोणाच्या हातचे आवडत नाही. जुलैत आम्ही तिला बाजेवर घालून माथ्यावर न्यायला निघालो होतो. ती म्हणाली, "मी कायले चढू डोंगर? माहं घर खाली हाय न." आणि ती बाजेवर बसली नाही. आपल्या नियमात पंचाहत्तरीपुढच्या एकट्या राहणाऱ्या माणसाची नोंद घरी येऊन घ्यायची सोय आहे. त्याप्रमाणे आपल्या कंत्राटी कर्मचारी निताबाई आल्या, आईच्या दारात बसल्या, टॉवरविना चालणाऱ्या यंत्रात तिचा चेहरा घेतला आणि गेल्या. इतर म्हातारी माणसे पोरांच्या घरात असल्याने पोरांबरोबर माथ्यावर लागली. अशा रीतीने संपूर्ण मौजे कवडदऱ्यात खाली राहणारी एकच व्यक्ती शासनाकडे आहे, ती माझी आई.

१०. दि. १ डिसेंबरच्या आपल्या पत्राचा आशय असा की, गावठाणात एकच कुटुंब शिल्लक आहे. निताबाई दर सोमवारी व गुरुवारी येऊन त्या कुटुंबाची हजेरी घेतील. लागोपाठ दोन फेऱ्यांना घर बंद आढळल्यास कवडदरा हे गाव ओसाड म्हणून घोषित होईल, गावठाण शासनजमा होईल, आणि शाळा, नळ, दवाखान्याची फेरी सर्व बंद होईल. हे पत्र रामरावांनी चावडीवर वाचले. वाचून झाल्यावर सगळ्या गावाने मान वळवून आईच्या घराकडे पाहिले. आई तेव्हा दारात तूर निवडत होती.

११. त्या दिवसापासून माझ्या आईची जी सेवा झाली ती मी मुलगा असून कधी केली नाही, हे कबूल करतो. सकाळी सहा घरांतून दूध येऊ लागले. तिला ते पचत नाही. ज्या बायांनी विहिरीवरून तिच्याशी वीस वर्षे अबोला धरला होता त्या तिचे पाय चेपू लागल्या. दिवसातून दहा-बारा माणसे नुसती डोकावून जात, ती श्वास घेते की नाही ते पाहायला. आई त्यांना विचारायची की बाप्पा, मी मेली की काय ते पाहून राह्यले का? ते लाजून निघून जायचे आणि तासाभराने दुसरे यायचे. ती चतुराबाईकडे, म्हणजे कारंजा लाडला दिलेल्या माझ्या बहिणीकडे, दरवर्षी महिनाभर राहायला जाते. या वर्षी गावाने तिची पिशवी लपवली.

१२. भार एकटीवर नको म्हणून दुसराही उपाय केला. आणखी काही म्हातारी माणसे एकटी राहू लागली तर त्यांचीही नोंद खाली होईल, असा विचार करून चार पोरांनी आपापल्या बापांना सन्मानपूर्वक वेगळे काढले. निताबाईंनी सांगितले की ती मुदत संपली. तीन बाप घरी परत आले. चौथ्याने परत यायला नकार दिला, त्याला वेगळेच बरे वाटते. निताबाईंना मी दोष देत नाही. त्या आमच्या अंगणात बसून सहाशे माणसे डोळ्यांनी पाहतात आणि म्हणतात, काका, माझ्या यंत्रात कवडदरा दाबलं की एकच नाव येते, मी तरी काय करू.

१३. डिसेंबरच्या शेवटी ग्रामपंचायतीने आईच्या दारापुढे टाइल बसवून दिली. आधी तिथे शेणाने सारवलेली जमीन होती आणि ती त्यावर एकाहत्तर सालापासून चालत होती. दि. ३ जानेवारी रोजी सकाळी आई त्या टाइलवर घसरून पडली. दि. ६ रोजी, म्हणजे मंगळवारी, निताबाईंची फेरी नसल्याने गावाने तिला रिसोडला नेऊ दिले. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला. खुब्याचे हाड मोडले आहे. आठ दिवसांत शस्त्रक्रिया करावी, नाहीतर ती पुन्हा उभी राहणार नाही, आणि या वयात पडून राहिलेले माणूस फार दिवस राहत नाही, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. चतुराबाईने कारंजात दवाखाना ठरवला. तेथे किमान पंधरा दिवस राहावे लागेल. म्हणजे निताबाईंच्या चार फेऱ्या. संध्याकाळी आम्ही आईला परत गावात आणले.

१४. त्याच आठवड्यात मी आपणास चौथा अर्ज केला. उत्तर येईपर्यंत थांबावे असे गावाने ठरवले. रामरावांनी सगळ्यांच्या देखत आईपुढे हात जोडले की हिरीमाय, उत्तर येईपर्यंत कळ काढ, तू गेलीस तर गाव गेलं. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, हे मी स्पष्ट लिहितो. ती हो म्हणाली. दि. ८, १२ आणि १५ रोजी निताबाई आल्या, तेव्हा आम्ही चौघांनी आईला उचलून उशांना टेकवले, केस विंचरले आणि यंत्राकडे तोंड करून धरले. यंत्र म्हणते की डोळे उघडे ठेवा. दुखण्याने तिचे डोळे मिटत होते. दि. १५ रोजी तीनदा फोटो नापास झाला. चौथ्यांदा मी तिला ओरडलो की डोळे उघड. तिने उघडले. फोटो पास झाला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. महोदय, आईवर ओरडणारा मुलगा मी नव्हतो.

१५. त्यानंतर ती म्हणाली, "मदन, म्या एकलीनं गाव कितीक दिवस धरून ठेवू?" हा प्रश्न आपल्या कक्षाच्या अखत्यारीतला असल्याने येथे जसाच्या तसा सादर करीत आहे.

१६. काल दुपारी रामराव एकटेच आले. आईच्या बाजेपाशी खाली बसले. ती झोपेत कण्हत होती. फ्लेक्स त्यांच्या घराचा, टाइल त्यांच्या ठरावाची, आणि थांबायची विनंतीही त्यांचीच. त्यामुळे मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. त्यांनी आपल्या मालवाहू टेम्पोची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कागदावर गाव गेलं त जाऊ दे. मायले ने." घरातून बाहेर पडताना त्यांनी डोळे पुसले. मागोमाग बायांनी तिची पिशवी आणून दिली, धुतलेली दोन लुगडी आत घालून.

१७. सबब, हा अर्ज परवानगीसाठी आहे असे आपण समजू नये. विषयाची ओळ मी काल सकाळी लिहिली होती, ती तशीच राहू दिली आहे. उद्या सोमवार, दि. १९ जानेवारी रोजी सकाळी सात वाजता मी रामरावांच्या गाडीत गादी टाकून आईला कारंजा लाड येथे घेऊन जात आहे; रामरावही सोबत येत आहेत. निताबाई दहाला येतात. त्यांना दाराला कुलूप दिसेल. गुरुवारी, दि. २२ रोजीही दिसेल. त्या दिवशी आपल्या नियमानुसार गाव ओसाड होईल. त्यानंतर सोमवारी, दि. २६ रोजी, आमच्या शाळेत झेंडा लागणार आहे, पोरांची कवायत बसवून झाली आहे. ओसाड गावात झेंडावंदन करता येते किंवा कसे, याचा खुलासा त्यापूर्वी झाल्यास गुरुजींची सोय होईल.

१८. आई सुखरूप परत आली तर तिला मी तिच्याच घरी आणीन. ते घर तोवर शासनजमा झाले असल्यास मी तिला माझ्या घरी ठेवीन. माझे घर आपल्या कागदावर नसले तरी त्याला दार आहे.

१९. शेवटचे एवढेच. गुरुवारी निताबाई कुलपाचा फोटो काढतील तेव्हा गावातले कोणीही कामावर जाणार नाही, असे ठरले आहे. मी आणि रामराव कारंजात असू. बाकीची सहाशे नऊ माणसे त्या दारापुढे उभी राहतील. आज सकाळी मी ती दोनदा मोजली, फरक निघाला नाही. आपले यंत्र त्यांना रहिवासी म्हणत नसेल तर त्याबद्दल आता काही म्हणणे नाही. गावात कोणी नव्हते, या आपल्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून तरी त्यांच्या सह्या घ्याव्यात. कडेवरची पोरे सोडता सगळ्यांना सही येते, फक्त नऊ जणांचे अंगठे घ्यावे लागतील.

आपला तात्पुरता उतरलेला,

(सही)
मदनसिंग प्रेमसिंग आडे
मु. कवडदरा, खाली.

सोबत :
१) तिन्ही संदर्भपत्रांच्या प्रती.
२) मूळ फ्लेक्स, गुंडाळून (बारा फूट बाय दहा फूट, एका कोपऱ्यात फाटलेला).
३) आईच्या खुब्याच्या क्ष-किरण फोटोची झेरॉक्स. ती पूर्ण काळी आली आहे. मूळ फोटो डॉक्टरांना लागणार असल्याने आईसोबत नेत आहे.